नाना : न विकता येणारा शेअर आणि रेड डॉगची खाण

ताळेबंद (धागाकर्ता)

आदिवासींच्या मालकीची कंपनी म्हटले की आपल्याकडे सहकारी सोसायटी नाहीतर सरकारी महामंडळ डोळ्यांपुढे येते. अलास्कातला प्रकार या दोन्हींत बसत नाही. तिथे १९७१ साली जमिनीचा दावा मिटवताना अमेरिकी काँग्रेसने जमातींना राखीव क्षेत्रे न देता कंपन्या काढून दिल्या. नफा कमावणाऱ्या, ताळेबंद असलेल्या, संचालक मंडळाची निवडणूक लढवणाऱ्या कंपन्या. त्यांतल्या 'नाना' या कंपनीवर हा धागा. (आपले नाना नव्हेत. 'नॉर्थवेस्ट अलास्का नेटिव्ह असोसिएशन'ची ही आद्याक्षरे.)

पार्श्वभूमी थोडक्यात. अलास्का १९५९ मध्ये राज्य झाले आणि राज्याला १० कोटी एकरांहून जास्त जमीन निवडून घेण्याचा हक्क मिळाला. ती निवड सुरू होताच मूळ रहिवाशांच्या शिकारीच्या आणि मासेमारीच्या जागा त्यात जाऊ लागल्या. १९६६ मध्ये विली हेन्स्ली या वायव्य अलास्कातल्या कोटझेब्यूच्या इन्युपियाट (तिथली मूळ जमात) विद्यार्थ्याने घटनात्मक कायद्याच्या वर्गासाठी एक निबंध लिहिला : अलास्काच्या मूळ रहिवाशांचा जमिनीवर नेमका हक्क कोणता? त्याच वर्षी वायव्येत ही असोसिएशन उभी राहिली, राज्यभरच्या संघटनांचा महासंघ स्थापन झाला आणि केंद्राच्या जमिनी सांभाळणाऱ्या 'इंटीरियर' खात्याचे मंत्री स्टुअर्ट युडाल यांनी राज्याला जमीन देणे थांबवले. १९६८ मध्ये प्रुडो बे इथे तेल सापडले. दाव्याचा निकाल लागल्याशिवाय पाइपलाइन टाकता येईना, तेव्हा कुठे वॉशिंग्टनला घाई सुटली. १८ डिसेंबर १९७१ ला निक्सन यांनी कायद्यावर सही केली.

सौदा असा : ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि ९६ कोटी २५ लाख डॉलर. त्यांतले ४६ कोटी २५ लाख केंद्राच्या तिजोरीतून हप्त्यांनी, उरलेले ५० कोटी खनिज-रॉयल्टीतून. बदल्यात उरलेल्या सगळ्या अलास्कावरचा मूळ हक्क संपला, शिकार-मासेमारीच्या मूळ हक्कासकट. सोडलेल्या जमिनीचा भाव एकरी ३ डॉलरच्या आसपास पडतो.

जमीन १२ प्रादेशिक आणि दोनशेच्या वर ग्राम-कंपन्यांत वाटली. अलास्काबाहेर राहणाऱ्यांसाठी तेरावी कंपनी निघाली. तिला पैसे मिळाले, जमीन नाही. ती २०१३ मध्ये विसर्जित झाली. जमिनीविना ती टिकली नाही, हा माझा अर्थ. कोणाला पटणार नाही कदाचित.

नाना कंपनी म्हणून १९७२ मध्ये नोंदली गेली. मुख्यालय कोटझेब्यू, प्रदेशात ११ गावे, मालकीची जमीन सुमारे २२ लाख एकर.

---

कायदेकीडा

धागा उत्तम. शेअरबद्दल थोडी भर, कारण सगळी मेख तिथेच आहे.

१. १८ डिसेंबर १९७१ रोजी हयात असलेला आणि किमान एक-चतुर्थांश मूळ रहिवासी वंशाचा माणूस नाव नोंदवू शकत होता. प्रत्येकाला प्रादेशिक कंपनीचे १०० शेअर. श्रीमंत-गरीब, म्हातारा-तान्हा सगळ्यांना १००.

२. हे शेअर विकता येत नाहीत, गहाण ठेवता येत नाहीत, सावकाराला त्यांवर जप्ती आणता येत नाही. घटस्फोट किंवा पोटगीच्या कोर्टाच्या हुकमाने मात्र हस्तांतर होते. मुलाबाळांना वगैरे ठरावीक नात्यांत भेटही देता येते.

३. मूळ कायद्यात ही बंदी फक्त २० वर्षांची होती! १९९१ मध्ये शेअर बाजारात मोकळे होणार होते. कोणीही तेल कंपनीने ते गोळा करावेत आणि जमिनीसकट कंपनी गिळावी, असा रस्ता कायद्यानेच आखून ठेवला होता. फेब्रुवारी १९८८ मध्ये दुरुस्ती झाली. आता भागधारकांनी मत देऊन बंदी उठवली तरच ती उठते, एरवी चालूच राहते.

४. त्याच दुरुस्तीने १९७१ नंतर जन्मलेल्यांना शेअर देण्याची मुभा मिळाली. सक्ती नाही. प्रत्येक कंपनीच्या भागधारकांनी स्वतः ठरवायचे. नाना, आर्क्टिक स्लोप, डोयॉन या प्रादेशिक कंपन्यांनी नव्या पिढीला घेतले. काहींनी अजून घेतलेले नाही, तिथे पन्नाशीला आलेला माणूसही आजीच्या शेअरच्या वारसाहक्काची वाट बघतो.

मुद्दा ४ ऐकायला सोपा वाटतो. नवे शेअर काढले की जुन्यांचा लाभांश पातळ होतो. म्हणजे आजोबांनी नातवासाठी स्वतःच्या खिशातून मत द्यायचे. म्हणून बऱ्याच कंपन्या नव्यांना तहहयात शेअर देतात : माणूस गेला की शेअर संपतो, वारसांकडे जात नाही.

---

अनिवासी_ठाणेकर

वाचतोय. दोन शंका. मूळ शेअरधारक वारला की पुढे काय होते? आणि वारस मूळ रहिवासी नसेल तर?

---

कायदेकीडा

@अनिवासी_ठाणेकर, शेअरपुरते वेगळे मृत्युपत्र करता येते. त्याला तिथे 'स्टॉक विल' म्हणतात. छापील नमुना कंपनीच देते. भरून नोटरीसमोर सही करायची आणि कंपनीच्या भागधारक-विभागात जमा करायचे. पाचच मिनिटांचे काम, पण लोक करत नाहीत. मग वारसांची प्रतिज्ञापत्रे, जन्माचे दाखले, दत्तकविधानाची कागदपत्रे जमवत बसावे लागते आणि तोवर लाभांश अडकतो. नेहमी होणाऱ्या चुका तीन : नोटरी राहून जाणे, शेअरची बेरीज १०० न भरणे (तिघांना ३३-३३ लिहिले, १ कोणाचा?), आणि नवे मूल झाल्यावर जुने विल तसेच ठेवणे.

मूळ रहिवासी नसलेल्याला वारशाने शेअर मिळतो, लाभांशही मिळतो, पण मतदान करता येत नाही. ही तरतूद नसती तर दोन-तीन पिढ्यांत मंडळाची निवडणूक भलत्यांच्या हाती गेली असती.

---

खनिजवाला

आता मुख्य विषयाकडे येऊ या. नानाचे नाव झाले ते रेड डॉगमुळे. कोटझेब्यूच्या उत्तरेला सुमारे १४५ किमीवर डी लाँग डोंगरांत जस्त-शिशाची ही खाण आहे. जगातल्या सर्वांत मोठ्या जस्त-खाणींत तिची गणना होते. लाल डागाळलेला ओढा बॉब बेकर या वैमानिकाच्या नजरेस पडला होता. नाव त्याच्या कुत्र्याचे.

नानाने १९८२ मध्ये कॉमिन्को या कॅनडाच्या कंपनीशी करार केला (आता ती टेक). उत्पादन १९८९ मध्ये सुरू झाले. करार वाचण्यासारखा आहे, कारण जमीनमालक म्हणून नानाने दोन टप्पे मान्य केले :

पहिला टप्पा, भांडवल वसूल होईपर्यंत : स्मेल्टरकडून (धातू गाळणाऱ्या कारखान्याकडून) मिळणाऱ्या निव्वळ रकमेच्या ४.५ टक्के आगाऊ रॉयल्टी. म्हणजे विक्रीतून गाळणावळ आणि वाहतूक वजा, पण खाणीचा खर्च वजा नाही. रक्कम लहान, पण खाण तोट्यात असली तरी येते.

दुसरा टप्पा, वसुली झाल्यावर : निव्वळ नफ्याच्या २५ टक्के, आणि दर पाच वर्षांनी ५ टक्के वाढ, ५० टक्क्यांपर्यंत.

वसुलीला किती काळ लागावा? १९८९ पासून २००७ पर्यंत. नव्वदच्या दशकात जस्ताचे भाव पडलेले होते. २००६ च्या सुमारास भाव चढले आणि साठलेली बाकी झपाट्याने फिटली. २००७ च्या शेवटच्या तिमाहीपासून २५, २०१२ मध्ये ३०, २०१७ मध्ये ३५, २०२२ मध्ये ४० टक्के. पुढची पायरी २०२७ मध्ये ४५ आणि ५० टक्क्यांची पायरी २०३२ मध्ये. गंमत अशी की सध्याच्या खड्ड्यांतले खनिज २०३१ च्या सुमारास संपेल असा अंदाज आहे.

निव्वळ नफ्यावरची रॉयल्टी ऐकायला गोड लागते. तीत भावाची सगळी चढउतार आणि खाणवाल्याचा सगळा खर्च तुमच्याही अंगावर येतो. त्याने नवी यंत्रणा बसवली की त्या वर्षी तुमचा हिस्सा घटतो. म्हणून असा करार करणाऱ्याने कुठला खर्च वजावटीत धरायचा याची व्याख्या आणि हिशेब तपासण्याचा हक्क, या दोन कलमांवर टक्केवारीपेक्षा जास्त भांडावे.

---

ताळेबंद

@खनिजवाला +१. पण या रॉयल्टीतले नानाकडे राहते किती, हेही सांगायला हवे. बहुतेक लोक इथेच फसतात.

१९७१ च्या त्या कायद्याच्या कलम ७(आय) प्रमाणे प्रादेशिक कंपनीला लाकूड आणि भूगर्भातील साधनांतून जे उत्पन्न होते, त्याचा ७० टक्के भाग बाराही कंपन्यांत नोंदलेल्या लोकसंख्येप्रमाणे वाटायचा. ज्या प्रदेशात तेल नाही, खाण नाही, जंगल नाही, त्यांनी उपाशी राहू नये म्हणून.

समजा नानाला १०० डॉलर आले. ३० तिचे. ७० सामाईक खात्यात. नानाची मूळ नोंदणी एकूण नोंदणीच्या सहा टक्क्यांच्या आसपास धरली, तर ७० मधले ४ डॉलर आणि काही सेंट परत येतात. म्हणजे १०० पैकी साधारण ३४ हाती, आणि ६६ उरलेल्या ११ कंपन्यांकडे. (सहा टक्के हा माझा ढोबळ आकडा, हिशेब समजण्यापुरता.)

पुढे ७(जे) : प्रादेशिक कंपनीला वाटणीतून जे मिळाले, त्यातले निम्मे तिने आपल्या ग्राम-कंपन्यांना आणि कुठल्याच गावात न नोंदलेल्या भागधारकांना द्यायचे. कित्येक छोट्या ग्राम-कंपन्यांचा दिवा या एका धनादेशावर जळतो. रेड डॉगच्या जस्तावर हजार किमी दूरच्या, जस्त कधी न पाहिलेल्या गावातल्या कंपनीचा हिशेबनीस पगार घेतो.

ही वाटणी सुरळीत सुरू झाली नाही. 'उत्पन्न' म्हणजे काय, खर्च कुठला वजा करायचा, यावर कंपन्या एकमेकींविरुद्ध वर्षानुवर्षे कोर्टात होत्या. १९८२ मध्ये तडजोडीचा करार झाला. तेव्हापासून हिशेबाचे नियम आणि लवाद ठरलेले आहेत.

---

कायदेकीडा

याच भांडणांतला एक मासला : रेती-खडी. ग्राम-कंपनीकडे जमिनीचा पृष्ठभाग, प्रादेशिक कंपनीकडे भूगर्भ, अशी विभागणी आहे. मग गावाला रस्ता किंवा घराचा पाया करायला लागणारी खडी कोणाची? १९७८ मध्ये अपील कोर्टाने सांगितले, भूगर्भवाल्याची. म्हणजे गावाने आपल्याच पायाखालची खडी दुसऱ्या कंपनीकडून विकत घ्यायची! पुढे काँग्रेसने रेती-खडी ७(आय) च्या वाटणीतून वगळली, मालकी मात्र तिथेच राहिली.

नानाने हा प्रश्न आधीच मिटवला होता. १९७६ मध्ये ११ पैकी १० गावांच्या कंपन्या नानात विलीन झाल्या. फक्त कोटझेब्यूची कंपनी स्वतंत्र राहिली. त्यामुळे पृष्ठभाग आणि भूगर्भ बहुतेक ठिकाणी एकाच हातात आहे, आणि खाणवाल्याला वाटाघाटी एकाच टेबलावर कराव्या लागतात. नुसत्या कारभाराच्या दृष्टीने मला हा नानाचा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. रेड डॉगपेक्षाही.

---

रानवाटा

सगळे पैशाचेच चालले आहे. समाजकार्याचे काय?

---

ताळेबंद

@रानवाटा, बरोबर. एक समजून घ्या, सगळे काम कंपनी स्वतः करत नाही. आरोग्य आणि समाजसेवा मानिलाक असोसिएशन ही ना-नफा संस्था बघते. शिष्यवृत्त्या आणि भाषा-संस्कृतीचे काम अक्कालुक ट्रस्टकडे आहे. नानाचे सुरुवातीचे एक नेते रॉबर्ट अक्कालुक न्यूलिन यांचे नाव त्याला आहे. ६५ वर्षांवरच्या भागधारकांसाठी वेगळा विश्वस्तनिधी आहे. अशा विश्वस्तनिधीत टाकलेली मालमत्ता कंपनीच्या धंद्यातल्या सावकारांपासून अलग राहते, हा त्याचा खरा उपयोग. धंदा बुडाला तरी म्हाताऱ्यांचे पैसे बुडत नाहीत.

कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला 'इन्युपियाट इलित्कुसियात' या नावाने मूल्यांची चळवळ चालवली : भाषा येणे, वडीलधाऱ्यांचा मान, शिकार वाटून खाणे, वगैरे. भिंतीवर लावायच्या ध्येयवाक्यांवर माझा फारसा विश्वास नाही. पण यातले काही खाणीच्या करारात उतरले, म्हणून दखल घ्यावी लागते.

---

खनिजवाला

करारात उतरले ते हे.

उपजीविका समिती : नोआटाक आणि किव्हलिना या खाणीजवळच्या दोन गावांतले ज्येष्ठ शिकारी तीत असतात. खाणीपासून बंदरापर्यंत ८४ किमीचा रस्ता आहे. कॅरिबूंचे (रानटी रेनडिअरचे) कळप स्थलांतरात रस्त्याजवळ आले की ट्रक थांबवतात. पुढच्या कळपाला वाट सापडली की मागचे त्याच वाटेने येतात, म्हणून सुरुवातीच्या कळपाला न बिचकवणे महत्त्वाचे. वसंतात किव्हलिनाच्या लोकांची समुद्रातली शिकार आटोपेपर्यंत पहिले जहाज किनाऱ्याजवळ येत नाही. माल नेण्याचा हंगाम जेमतेम १०० दिवसांचा, उरलेले वर्ष कॉन्सन्ट्रेट (दगड दळून वेगळी काढलेली धातूची भुकटी) बंदरावरच्या अवाढव्य गोदामांत साठवतात. १०० दिवसांतले काही दिवस शिकाऱ्यांसाठी सोडणे ही त्या हिशेबात लहान गोष्ट नाही. बंदर उथळ आहे, त्यामुळे माल आधी बार्जने खोल पाण्यातल्या जहाजापर्यंत न्यावा लागतो. वारा सुटला की तेही बंद.

नोकऱ्या : भागधारकांना प्राधान्य, आणि ठरावीक वर्षांत सगळेच कामगार भागधारक असावेत असे मूळ उद्दिष्ट. ते गाठले गेले नाही. प्रमाण निम्म्याच्या वर येऊन अडकले. यंत्रचालक, स्वयंपाकी, देखभाल यांत भागधारक भरपूर, पण भूशास्त्रज्ञ आणि धातुतज्ज्ञ बाहेरचे. दुसरी अडचण कोणी धरलीच नव्हती. गावांतून खाणीवर रस्त्याने जाता येत नाही, सगळे पाळ्यांनी विमानाने ये-जा करतात. मग चांगला पगार मिळू लागला की कुटुंब गाव सोडून अँकरेजला जाते, कारण तिथूनही विमान मिळते आणि तिथे किराणा स्वस्त. नोकरी भागधारकाला मिळाली, गावाला नाही.

---

रानवाटा

आणि प्रदूषण? किव्हलिनाच्या लोकांनी खाणीवर खटला भरला होता ना?

---

खनिजवाला

हो, २००४ मध्ये. खाणीचे प्रक्रिया केलेले पाणी रेड डॉग ओढ्यातून वुलिक नदीत जाते आणि किव्हलिना पिण्याचे पाणी वुलिकमधून घेते. परवान्यातल्या मर्यादा ओलांडल्याबद्दल दावा होता. विरघळलेल्या क्षारांचा मुद्दा त्यात मोठा. आम्लयुक्त पाण्यातले धातू काढायला चुना घालतात, धातू खाली बसतात, पण पाण्यातले क्षार वाढतात. एक दुखणे बरे करताना दुसरे. २००८ मध्ये तडजोड झाली.

धुळीचे प्रकरण वेगळे. राष्ट्रीय उद्यान सेवेच्या २००१ च्या अभ्यासात रस्त्याकडेच्या शेवाळात शिसे, जस्त, कॅडमियम आढळले. रस्ता केप क्रुझेनस्टर्न राष्ट्रीय स्मारकातून जातो, म्हणून तो अभ्यास झाला. ट्रकवर तोवर ताडपत्र्या होत्या. त्यानंतर घट्ट झाकणाचे ट्रक आणले. माल भरतानाची-उतरवतानाची धूळ आणि टायरला चिकटून येणारा माल, हे त्याहून चिवट प्रश्न.

एक सावधगिरी : अमेरिकेच्या विषारी उत्सर्जनाच्या यादीत रेड डॉग दरवर्षी वर झळकते, त्यावरून मथळे होतात. त्या यादीत खाणीच्या आवारातच रचलेला टाकाऊ दगडही 'उत्सर्जन' म्हणून मोजतात. आकडा खरा आहे, पण तो नदीत सोडलेल्या विषाचा नव्हे.

---

जांभूळबन

गडचिरोलीच्या बाजूने थोडे. तुलना जपून करावी, पण होते.

वनहक्क कायदा २००६ च्या कलम ४(४) मध्येही हक्क वारशाने जातो पण विकता येत नाही. फरक असा की आपल्याकडे सामूहिक वनहक्क ग्रामसभेचा, माणशी शेअर नाही. ग्रामसभेत मूल १८ वर्षांचे झाले की आपोआप सदस्य होते, १९७१ सारखी फाळणीची रेघ नाही. उलट बाजूही आहे : गाव सोडून पुण्याला गेलेल्याचा बांबूच्या पैशात वाटा राहत नाही. नानाचा भागधारक सिअ‍ॅटलला राहिला तरी लाभांश मिळतो.

मोठा फरक खनिजाचा. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर हक्क मिळाला, बांबू त्यांचा. पण सुरजागडच्या लोहखनिजावर ग्रामसभेची मालकी नाही, लीज सरकार देते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठानला रॉयल्टीच्या १० टक्के (लिलावातल्या लीजवर) किंवा ३० टक्के (जुन्या लीजवर) रक्कम जाते. तो पैसा खर्चायचा कुठे हे ठरवण्यात गावाचे मत किती चालते, ते इथल्यांना सांगायला नको. त्याला ना भागधारक, ना वार्षिक सभा.

---

अनिवासी_ठाणेकर

मग आपल्याकडे ग्रामसभांनी उत्पादक कंपनी काढली तर नानासारखे होईल का?

---

कायदेकीडा

@अनिवासी_ठाणेकर, नाही. उत्पादक कंपनी माल गोळा करून विकायला चांगली : तेंदू, मोह, हिरडा. नानाच्या हाती जमीन आणि भूगर्भ दोन्हींची पूर्ण मालकी आहे, म्हणून कॉमिन्कोला तिच्याकडे यावे लागले. शिवाय वनहक्क कंपनीच्या नावे करताच येत नाहीत, आणि येऊ नयेत. कंपनीवर कर्ज चढते, ती दिवाळखोरीत जाते.

अलास्कात तेही झाले आहे. १९८६ मध्ये बेरिंग स्ट्रेट्स आणि १९९१ मध्ये चुगाच या प्रादेशिक कंपन्यांनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितले. दोघी सावरल्या. अविकसित जमिनीला सावकारांना हात लावता येऊ नये, तिच्यावर कर लागू नये, अशी कवचे १९७१ नंतरच्या कायद्यांनी घातली. त्यात बारकावा आहे : जमीन विकसित केली किंवा भाड्याने दिली की ते कवच निघते.

---

ताळेबंद

बऱ्याच कंपन्या तगल्या त्या १९८६ ते १९८८ मधल्या एका फटीमुळे, तेवढे नोंदवतो. या कंपन्यांना आपला साचलेला तोटा नफ्यातल्या कंपन्यांना विकता येत असे. घेणारा त्यावर कर वाचवी, विकणारीला रोख मिळे. काहींनी जंगलाचे भाव पडल्याचा कागदी तोटा दाखवून विकला. १९८८ मध्ये काँग्रेसने ती फट बुजवली.

त्यानंतर बहुतेकांनी धरलेला रस्ता सरकारी कंत्राटांचा. ८(ए) नावाच्या योजनेत अलास्काच्या या कंपन्यांच्या उपकंपन्यांना बिनस्पर्धेची कंत्राटे मिळू शकतात, इतर लहान उद्योगांना असते तशी रकमेची मर्यादा त्यांना नाही. प्रत्येक उपकंपनी योजनेत ९ वर्षे राहू शकते आणि एकाच मुख्य व्यवसाय-संकेतांकात एका वेळी एकच उपकंपनी चालते. म्हणून दर काही वर्षांनी नवे नाव, नवी उपकंपनी. नानाचा अकिमा समूह यातलाच. त्यांचा वार्षिक अहवाल वाचाल तर उलाढालीत कंत्राटे मोठी दिसतील. नफ्याचा रकाना वेगळा बघा, कंत्राटांत टक्का बारीक असतो.

---

रानवाटा

धन्यवाद, बरेच कळले. शेवटची शंका : २०३१ नंतर काय? जवळपास आणखी खनिज आहे असे वाचले.

---

खनिजवाला

आहे. खाणीच्या वायव्येला अनाराक आणि अक्तिगिरुक हे साठे सापडले आहेत. पण ती जमीन राज्याची आहे, नानाची नव्हे. तिथल्या खनिजावर नानाला जमीनमालकाची रॉयल्टी नाही, म्हणून ७(आय) मध्ये टाकायलाही काही नाही. नानाच्या बाजूने राहते ते असे : सध्याची गिरणी आणि गाळाचा तलाव नानाच्या जमिनीवर आहेत. नवे खनिज तिथेच दळायचे तर त्याच्या अटी नानाशी ठरवाव्या लागतात. शिवाय नोकऱ्या, आणि बरोला (तिथली जिल्हा परिषदेसारखी स्थानिक संस्था) खाणीकडून मिळणारी रक्कम. वायव्य आर्क्टिक बरो १९८६ मध्ये या खाणीच्याच भरवशावर स्थापन झाली, तिच्या शाळांचा खर्च त्यातून निघतो.

खाण बंद झाली तरी पाण्यावरची प्रक्रिया थांबवता येणार नाही. सल्फाइडचा दगड उघडा पडला आहे, तो आम्ल सोडतच राहणार. चुना, वीज, माणसे कायमची लागतील. त्यासाठी खाणवाल्याने राज्याकडे आर्थिक हमी ठेवलेली असते आणि परवान्याच्या नूतनीकरणात तिची रक्कम पुन्हा ठरते. लीज संपले की जमीन नानाकडे परत येते, तलावासकट. त्यामुळे नूतनीकरणाच्या वेळी हमीतले व्याजदराचे गृहीतक तपासून घ्या. एक टक्का इकडेतिकडे झाला तर शंभर वर्षांच्या हिशेबात रक्कम कुठल्या कुठे जाते.